ओळखीचा घास

देस्सी, हिदार मिकाएलचा दुसरा दिवस

तेवाबे,

अक्षर ओळखलंस का? नसेल ओळखलंस तर खाली सही बघ आणि मग पुन्हा वर ये. आई गेल्याचा निरोप मी पाठवला होता, त्यानंतर आपल्या दोघींत एक ओळसुद्धा गेली-आली नाही. तू येमेनी व्यापाऱ्याशी दुसरं लग्न केलंस, आईनं तुझ्याबरोबर एका ताटात जेवायचं सोडलं, तू जिबूती गाठलीस. ते सगळं उकरायला मी बसलेली नाही. एक कापडवाला असाबच्या बंदरावर निघालाय. तो हे पत्र तुझ्या दिराच्या दुकानात देईल, तिथून होडीनं तुझ्याकडे. माणूस माझ्या फारसा ओळखीचा नाही, म्हणून साधंच लिहिते.

खाणावळ चालू आहे. आईच्या वेळची गवताची विणलेली गोल मेजं अजून तीच आहेत. एमामा ब्रिखेही तीच, तव्यापाशी बसून इंजेराच्या पोळ्या टाकते आणि दिवसभर शिव्या देते. बाकी मात्र तू आलीस तर तुला घर ओळखू येणार नाही. पूर्वी ट्रकवाला, मास्तर, कोर्टाच्या कामाला आलेला खेडूत, जो येईल तो दिसेल त्या ताटाशी बसायचा. नाव पहिल्या घासानंतर विचारायचे. आता माणसं दारात उभी राहून आधी आत बघतात. कोण बसलंय ते बघून मग आत यायचं की नाही ते ठरवतात.

तुझ्या लग्नाचा झगा शिवला तो शिंपी झेगेये परवा मला हळूच म्हणाला, "एत्ये, मला वेगळ्या ताटात वाढ."

मी म्हटलं, "का रे बाबा, खरूज झालीय?"

तो हसला नाही. म्हणाला, "एका ताटात बसलं की बोलावं लागतं."

तेव्हापासून सगळेच वेगळं ताट मागतात. बाजारातून पत्र्याच्या ताटल्या आणाव्या लागल्या. भिंतीकडे तोंड करून जेवतात गं माणसं. ताटलीवर बोटं घासल्याचा आवाज येतो, दुसरा नाही.

वेगळं ताट चालत नाही असा एकच जण उरलाय. बसच्या टपावर सामान चढवायचा तो वोंदिराद आठवतो? आई त्याला बोलावून सगळ्यांच्यात बसवायची आणि पहिला घास त्याला भरवायची. राजा गेला, नवं राज्य आलं, आणि गल्लीगल्लीत केबेलेच्या, म्हणजे वस्ती-समितीच्या, कचेऱ्या झाल्या. आमच्या केबेलेच्या पहारेकऱ्यांचा तो मुख्य आहे. कॉम्रेड वोंदिराद म्हणायचं. रोज दुपारी येतो, बंदूक भिंतीला टेकवतो आणि जो कुणी जेवत असेल त्याच्या ताटाशी जाऊन बसतो. "काय दादा, एकटेच?" म्हणतो. मग त्या माणसाचा हात चालत नाही.

बाकी काय सांगू? हात धुवायला पाणी घालायला एक मुलगी ठेवलीय. झेर्फे नाव, बोरेनाकडची. मुकी आहे बिचारी. कामाला बरी, पण डावरी. झारीसुद्धा डाव्या हातात धरते. आई असती तर बोटांवर पळी मारली असती. आपल्या घरातल्या एका लहानगीला मारायची ना, तशी.

परवापासून गेनाचा, येशूजन्माच्या सणाचा, उपास लागतोय. तब्येतीला जप.

आस्नाकु

देस्सी, उपासाचे दिवस, ताहसास महिना लागला

तेवाबे,

हे पत्र गाशे मेकुरियाच्या ट्रकातून येतंय. त्यानं ते बसायच्या गादीत शिवून घेतलंय. त्याच्यावर माझा विश्वास आहे. वाचून झालं की चुलीत घाल.

समजली होतीस ना? झेर्फे म्हणजे तुझी लुलित.

मेस्केरेम महिन्यात गिशेनची यात्रा असते तेव्हा ती आली. पांढऱ्या शाली घेतलेल्या यात्रेकरू बायकांत मिसळून अदिसहून आली होती. सगळ्यांबरोबर ताटाशी बसली. मी वाढत होते. एक पोरगी मान खाली घालून डाव्या हातानं घास तोडते आणि मग दचकून उजव्या हातात घेते, ते मी पाहिलं आणि माझ्या हातातलं डाळीच्या पिठाच्या शिरोचं मडकं हिंदकळलं. तू बघितलीस तेव्हा ती दोन वेण्या घालायची. आता हनुवटी अगदी तुझी आहे. स्वयंपाकघरात आल्यावर म्हणाली, "मावशी, मला दुसरीकडे कुठं जाता येत नाही." एवढंच बोलली आणि पिठाच्या पोत्याला टेकून झोपून गेली.

कॉलेजात ती आणि याफेत नावाचा एक मुलगा मिळून कागद वाटायचे. सरकारविरुद्धचे. काय लिहिलेलं असायचं ते मी विचारलं नाही, मला ऐकायचंही नाही. तिच्या वसतिगृहातल्या मुली एकेक करून नेल्या. तिची पाळी यायच्या आत ती निघाली. याफेत कुठे आहे तिला ठाऊक नाही. विचारते मला, जसं काही मला माहीत असणार.

मुकी करायची कल्पना माझी. तोंड उघडलं की अदिसचं शिकलेलं बोलणं बाहेर पडतं, खेड्यातली म्हणून खपणार कशी? पण मुकी राहणं सोपं नाही. ब्रिखेनं एकदा वोंदिरादच्या मिशांना अशी काही शिवी घातली की पोरगी खळखळून हसली. ब्रिखे तवा सोडून वळली. "मुकी हसते तशी नाही ही हसली," म्हणाली. ब्रिखेनं मला नीट पाहिलं, तिला पाहिलं, आणि पुन्हा पीठ ओतायला लागली. त्यानंतर तिनं त्यावर एक शब्द काढलेला नाही. फक्त पोरीच्या हातांना रोज राख आणि तिखट चोळते. "बोटं बघ, लोणी," म्हणते. "बोरेनाच्या पोरीची बोटं असतात का अशी?"

मला दिवसभर काय वाटतं सांगू? तव्यावर इंजेरा फुगून डोळे पडतात ना, ते सगळे डोळे माझ्याकडे बघतात असं वाटतं. कुणी खोकलं तरी हात थांबतो. वोंदिराद हात पुढे करतो, ती पाणी घालते, आणि तो हात धुऊन झाले तरी तसेच पुढे धरून ठेवतो. काल म्हणाला, "डावरी दिसतेस. आमच्यात डावऱ्याला हुशार समजतात." ती मुकी, काय बोलणार? मी आतून ओरडले, "झेर्फे, लाकडं आण!" ओरडताना माझा आवाज फाटला. तो माझ्याकडे बघून हसला आणि म्हणाला, "मुकी आहे एत्ये, बहिरी नाही. एवढं कशाला ओरडता?"

मेकुरिया म्हणतो, गेना झाला की तो तिला मालाच्या पोत्यांत घालून असाबपर्यंत नेईल. रस्त्यात चौक्या आहेत, तोही घाबरलाय. बोलताना सारखा टोपी काढतो आणि घालतो. तुझ्या दिराला सांगून ठेव. असाबहून पुढे तुम्हीच बघायचं.

तिला तुझ्याबद्दल विचारलं. म्हणाली, आईनं मला इथं ठेवून जायला नको होतं. मग थोड्या वेळानं विचारलंन, आईचं जिबूतीतलं घर समुद्राजवळ आहे का.

आस्नाकु

देस्सी, गेना उलटल्यावर

तेवाबे,

आधी हे वाच. लुलित इथून निघालीय आणि असाबला तुझ्या दिराच्या दुकानापर्यंत पोचलीय. आता खाली बस आणि पुढचं वाच.

गेना होईपर्यंत आम्हाला वेळ मिळाला नाही. उपास संपत आला होता. त्या दिवशी सकाळी केबेलेची सभा होती, सगळ्या गल्लीला सक्तीची. सभा सुटली आणि वोंदिराद सगळ्यांना हाकत माझ्याकडे घेऊन आला. दारातूनच म्हणाला, "एत्ये आस्नाकु, आज पत्र्याच्या ताटल्या नकोत. आज सगळे एका ताटात. तुमच्या आईच्या वेळेसारखं."

पहारेकऱ्यांनी मेजं ओढून जवळ आणली. मी मोठं ताट काढलं, इंजेरा पसरली, मधोमध शिरो ओतला, कडेनं मसूर आणि हिरवी भाजी. एरवी असं ताट मांडलं की माणसं बाह्या सारून पुढे सरकतात. त्या दिवशी सगळे हात मांडीवर ठेवून बसले होते. लुलित दारापाशी झारी आणि तस्त घेऊन उभी होती.

मग त्यांनी एका मुलाला आत आणलं. डोक्यावर पोतं होतं, ते काढलं. वीस-बावीसचा असेल. टाचांवर चालत होता, पाऊल पुरतं टेकवत नव्हता. वोंदिरादनं त्याला माझ्या बसायच्या जागेवर बसवलं, खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाला, "हा याफेत. अदिसचा पाहुणा. आपल्या गावात कुणाला तरी भेटायला आला होता, काल बसअड्ड्यावर सापडला."

नाव मी ऐकलं. दाराकडे बघू नये हे मला कळत होतं. मी शिरोकडे बघत राहिले.

"कुणाला भेटायला आला ते सांगत नाही," वोंदिराद म्हणाला. "लाजतो. मी म्हटलं, नको तोंडानं सांगूस. आपण काही रानटी नाही. आपल्यात ओळखीच्या माणसाला घास भरवायची रीत आहे. तू उठ, आणि इथं जो तुझ्या ओळखीचा असेल त्याला एक घास भरव. बस."

एक जण हसला. कोण ते मी बघितलं नाही. आपण एकटेच हसतोय हे कळल्यावर थांबला.

"पण आधी हात. झेर्फे, पाणी."

ती आली गं. त्या दिवशी झारी तिनं उजव्या हातात धरली होती, आणि तो हात थरथरत होता. पाणी तस्तात पडायच्या आधी चटईवर पडलं. मुलानं हात पुढे केले. त्याची बोटं वाकत नव्हती. त्यानं वर पाहिलं नाही, फक्त पाण्याकडे पाहत राहिला. त्यानं तिला ओळखलं हे मला त्याच्या मानेवरून समजलं, मान एकदम ताठ झाली होती. मग कुणाही पाणी घालणारीला म्हणतात तसं तो म्हणाला, "पुरे." तेवढा एकच शब्द. ती मागे सरून पुन्हा दारापाशी गेली. तिचा चेहरा मी पाहिला नाही, पाहायची हिंमत नव्हती.

त्याला इंजेरा तोडता येईना. शेजारी झेगेये होता. त्यानं मान वर न करता एक तुकडा तोडला, त्यात थोडा शिरो घेतला आणि ताटाच्या कडेनं त्याच्याकडे सरकवला. मुलानं तो तळहातावर घेतला आणि उठला.

तो ज्याच्या समोरून जायचा तो ओठ घट्ट मिटून घ्यायचा. घास नको म्हणून ओठ मिटलेली एवढी माणसं मी आईच्या घरात कधी पाहिली नव्हती. तो ताटाला वळसा घालून गेला आणि दाराकडे वळला. लुलित तिथंच होती, तस्त छातीशी धरून.

तो तिला दाखवून देणार होता, की तिथून पळायला बघत होता, की जाताजाता एकदा तिच्याजवळ उभं राहायचं होतं, मला माहीत नाही. तूही तिला विचारू नकोस. मला एवढंच दिसलं की त्याचा हात उचलला जातोय.

तू म्हणशील, आस्नाकु धीट झाली. नाही गं. मी घाबरून पुढे गेले. भाजत्या वस्तूवरून हात ओढून घेतो ना आपण, तसं शरीरच गेलं. मी त्या दोघांच्या मध्ये जाऊन उभी राहिले आणि आ केला.

"अरे, घरच्या बाईला सोडून कुठं निघालास?" मी म्हटलं. आवाज माझा नव्हताच. "ह्या घरात बसलेल्याचा पहिला घास मला. आईची रीत आहे. दे."

त्यानं माझ्याकडे पाहिलं. मग घास माझ्या तोंडात घातला. घाईत त्याच्या बोटाला माझे दात लागले. अर्धा शिरो हनुवटीवरून गळ्यात गेला.

"एका घासावर थांबतात का कुणी?" मी तोंड भरलेलं असतानाच म्हटलं. "घाल अजून."

झेगेयेनं आणखी एक तुकडा सरकवला. मी खाल्ला. आणखी एक मागितला. मला वाटत होतं, मी खात राहिले तर तो दाराकडे वळणार नाही. मी जन्मभर खात राहिले असते. तेवढ्यात स्वयंपाकघरातून ब्रिखे आली, कोपरापर्यंत पिठानं माखलेली. "सकाळपासून तव्यापाशी मी भाजतेय आणि घास हिला?" म्हणाली. "इकडे बघ रे लेकरा. मला दात नाहीत, लहान घास कर." तिनंही खाल्ला. बाकी कुणी हललं नाही. मी त्यांना दोष देत नाही, मलाही हलायचं नव्हतं.

मग मुलाचे पाय गेले. तो खालीच बसला आणि तळहाताला चिकटलेलं होतं ते स्वतः चाटून खाल्लं. कुणी अडवलं नाही.

वोंदिरादनं बंदूक उचलली. "म्हणजे ओळख एत्येंची निघाली," म्हणाला. "चला, एत्ये."

केबेलेच्या कोठारात मला ठेवलं, आणखी काही बायका होत्या. याफेतला कसं ओळखतेस म्हणून विचारायचे. मी म्हणायचे, ओळखत नाही, माझ्या घरी जेवायला बसेल त्याचा घास मी घेते, उद्या तुम्ही बसलात तरी घेईन. पायांबद्दल काही लिहीत नाही. आता बसून स्वयंपाक करते, एवढंच. पण पायांपेक्षा ते दार वाईट होतं. दार उघडलं की वाटायचं, आता तिला आणतील. दुसऱ्याच कुणाला आणलं की क्षणभर बरं वाटायचं, आणि त्या बाईकडे बघायची लाज वाटायची. मग वाटायचं, तिला इथं आणायची त्यांना गरजच उरली नसेल तर?

मला सोडलं ते कोंबड्यांमुळे. हसू नकोस. गेनाला अदिसहून मोठे साहेब येणार होते. हे लोक भाषणात देव नाही म्हणतात, पण गेनाला कोंबडीचा रस्सा त्यांनाही लागतो, आणि तो आईच्या हातचा लागतो. आईच्या हातचा आता फक्त मला येतो. एक पहारेकरी दारातून ओरडला, "म्हातारे, उठ. कांदे चिरायचेत."

घरी आले तर लुलित नव्हती. ब्रिखेला विचारलं, ती पिठाशी भांडत राहिली. "मला काय विचारतेस? कामावरची पोरगी, पळाली." ब्रिखेनं मला बसवलं, गुडघ्यांवर कांबळं टाकलं, तरी बोलली नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी मेकुरिया आला. मोठ्यानं म्हणाला, "यंदा असाबला ऊन फार आहे बुवा." मी ताट ठेवायला वाकले तेव्हा हळूच म्हणाला, "माल दुकानात उतरवला. ओला झाला नाही."

मग कुठं ब्रिखेनं सांगितलं. मला रस्त्यातून नेत होते तेव्हा सगळी गल्ली माझ्याकडे बघत होती. तेवढ्यात तिनं मागच्या दारानं पोरीला बाहेर काढून मागच्या बोळात उभ्या असलेल्या मेकुरियाच्या ट्रकात मसुरीच्या पोत्यांमागे बसवलं. पोरगी येत नव्हती म्हणे. मावशीला सोडून जाणार नाही म्हणत होती, मोठ्यानं. ब्रिखेनं तिच्या तोंडावर पिठाचा हात दाबला आणि म्हणाली, "तू मुकी आहेस."

आता नीट ऐक. याफेत नाही. गेनाच्या आदल्या दिवशी सकाळी पुलाजवळ तो रस्त्यात पडलेला होता, छातीवर पुठ्ठा बांधून. पुठ्ठ्यावर काय लिहिलं होतं ते मी वाचलं नाही. त्याची आई कुठं आहे तेही ठाऊक नाही, नाहीतर तिलाही पत्र लिहिलं असतं. लुलितला सांगू नकोस. विचारलं तर म्हण, मावशीनं त्याबद्दल काही लिहिलं नाही.

आणि तेवाबे, ती आली की तू तिला घास भरवायला जाशील. मला माहीत आहे, मीही तेच केलं असतं. नको करूस. ब्रिखे सांगते, ट्रकात बसवताना तिनं इंजेराचा तुकडा तोंडाशी नेला तर पोरगी मागे सरून पोत्यावर आपटली. ताट तिच्यासमोर ठेव आणि बाजूला बस. तू तुझं जेव. तिला हवं तेव्हा ती हात घालील.

आस्नाकु

देस्सी, तिमकेतनंतर

तेवाबे,

हे छोटंच आहे.

तिमकेतच्या सणाची मिरवणूक झाली. यंदा बायकांनी हळू आवाजात गाणी म्हटली. काल दुपारी वोंदिराद आला. मला सोडल्यापासून तो इकडे फिरकला नव्हता. बंदूक टेकवली, मधल्या मेजाशी बसला आणि म्हणाला, "एत्ये, ताट मोठं आणा. आणि बसा माझ्याबरोबर. मला एकट्याला जेवायची सवय नाही."

पाण्याला आता कुणी नाही, मीच घालते. त्याच्या हातावर पाणी घातलं, ताट आणलं, बसले. खाणावळीतले सगळे हात थांबले. झेगेये भिंतीकडे तोंड करून होता, त्याच्या पाठीवरूनसुद्धा कळत होतं की तो ऐकतोय.

वोंदिरादनं घास केला. आईनं शिकवला होता तसाच, नीट गुंडाळलेला, थेंब न सांडणारा. हात माझ्या तोंडाशी आणला. सगळ्यांसमोर घास नाकारणं म्हणजे काय ते तुला सांगायला नको. मी तोंड उघडलं. घास आत गेला आणि तो आणखी पुढे वाकला. फक्त मला ऐकू येईल असं म्हणाला, "मुकी पोचली का?"

माझं तोंड भरलेलं होतं. मी चावत राहिले. एवढासा घास, पण मी तो असा चावला की जबडा दुखायला लागला. तो वाट बघत होता. रागानं नाही. मी त्याच्या डोळ्यांत पाहिलं. टपावरून उतरून अंग चोरत दारात उभा राहायचा तो पोरगा तिथं आहे का, शोधला. मला काही कळलं नाही.

मग त्यानं दुसरा घास केला आणि भरवला. "सावकाश," म्हणाला. पुन्हा विचारलं नाही. हात धुतले, बंदूक घेतली, गेला.

तेव्हापासून मी तेच उलटसुलट करून बघतेय. त्याला त्या दिवशीच कळलं होतं का? झारी थरथरत होती ती त्यानं पाहिली नसेल? सगळी गल्ली माझ्या मागे रस्त्यावर आणून त्यानं मागचं दार मोकळं सोडलं का? की त्याला काहीच माहीत नाही आणि माझ्या चेहऱ्यावरून वाचायला आला होता? ब्रिखे म्हणते, दोन्ही असेल. असं कसं दोन्ही असेल, तेवाबे? तो दुष्ट आहे एवढं नक्की समजलं असतं तरी मला झोप लागली असती.

मेकुरियानं तिला दुकानात उतरवलं इथपर्यंत मला माहीत आहे. ती होडीत बसली का, समुद्र कसा होता, तुझ्या दारात आली का, तू तिला ओळखलंस का, यातलं काही माहीत नाही. रोज सकाळी उठले की पहिलं तेच मनात येतं. मेकुरिया परवा तुझ्याकडचा काही निरोप आणतो म्हणाला, तर मी त्याला नको म्हणून सांगितलं.

तू उत्तर पाठवू नकोस. ती पोचली असेल तर मला कळवू नकोस. पोचली नसेल तरी कळवू नकोस. कुणाच्या हाती खजूर पाठवू नकोस, कापड पाठवू नकोस, मी ओळखीन असं काहीच पाठवू नकोस. वोंदिराद पुन्हा येईल. मला बसवील. आणि कधीतरी तोंडात घास नसताना विचारील. त्या वेळी मी माहीत नाही म्हणेन, आणि ते खरं असलं पाहिजे.

आस्नाकु